बारवीचे पाणी आणि मनातले साचे



जूनच्या अखेरीस, पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावर, एका रविवारी आम्ही घरची मंडळी बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याला गेलो होतो. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला आदिवासी भगिनी शेवळांच्या जुड्या आणि काकडं घेऊन बसतात. आमच्या घरी शेवळं खिम्यात घालण्याची रीत आहे, म्हणून गाडी थांबवली. माझे मेहुणे सहज बोलून गेले, "जुड्या नीट मोजून घ्या. आणि सुटे पैसे द्या. संध्याकाळी सगळे गुत्त्यावरच जायचे आहेत." त्यावरून विषय निघाला तो धरणग्रस्तांच्या नोकऱ्यांचा. "ह्यांना नोकऱ्या देऊन उपयोग काय? महिनाभरात सोडून रानात जातील," असे ते म्हणाले. मी मान डोलावली. एवढेच नव्हे, तर "सरकारचा पैसा फुकट जातो" असे एक वाक्य मीही त्यात भर म्हणून घातले.

आठवीत शिकणारी माझी भाची मागे बसली होती. तिने विचारले, "मामू, तुम्ही ह्यांच्यापैकी कुणाला ओळखता?"

मी विचार केला. इतकी वर्षे या परिसरात राहतो. पण मला त्यांच्यापैकी एकाही माणसाचे नाव सांगता आले नाही. तिने पुढे काही विचारले नाही. पण आम्हा दोघांनाही एकच गोष्ट आठवली असावी. दोन वर्षांपूर्वी तिच्या आईवडिलांना भाड्याच्या घरासाठी वणवण करावी लागली होती. फोनवर नाव सांगताच एका दलालाने उत्तर दिले होते, "तुमच्या लोकांना इथे घर देत नाहीत. तुमच्यात माणसे फार, आणि भानगडीही फार." त्या रात्री माझे मेहुणे जेवले नव्हते. ज्या माणसाने तो घाव सोसला, तोच माणूस आज तसाच घाव दुसऱ्यावर घालत होता, आणि मी त्याला साथ देत होतो.

प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. आपली राजकीय मते आणि इतर समाजांविषयी आपल्या मनात बसलेले साचे यांचा परस्परांशी संबंध काय? आधी साचा तयार होतो आणि त्यातून मत बनते, की मत आधीच ठरलेले असते आणि त्याच्या सोयीसाठी आपण साचा शोधतो?

धरणाचे देणे

प्रथम बारवीचेच उदाहरण पाहू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हे धरण सत्तरच्या दशकात उभे केले आणि पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवली. कारखान्यांना आणि ठाणे जिल्ह्यातील अनेक शहरांना याचे पाणी मिळते. उल्हासनगरसारख्या लाखो वस्तीच्या शहराला तर स्वतःचा जलस्रोतच नाही. ते महामंडळाच्या पाण्यावर तगून आहे. दर पावसाळ्यात "बारवी भरले" ही बातमी आली की या पट्ट्यातील घराघरांत सुटकेचा निःश्वास टाकला जातो.

परंतु पाणी जिथे साठते, तिथे आधी कुणीतरी राहत असते. तोंडली, मोहघर, काचकोली या गावपाड्यांची नावे आपल्यापैकी किती जणांनी ऐकली आहेत? उंची वाढली तशी तेथील आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांची घरे, शेते, देवस्थाने आणि पूर्वजांच्या समाध्या पाण्याखाली गेल्या. त्यांच्या दीर्घ संघर्षानंतर बाधित कुटुंबातील एका व्यक्तीला महामंडळात किंवा पाणी घेणाऱ्या नगरपालिका-महानगरपालिकांत नोकरी देण्याचे धोरण ठरले. हा उपकार नव्हता. ज्यांच्या घरांवर आपले पाणी उभे आहे, त्यांचे ते आपल्यावरील देणे होते.

आता त्या मोटारीतील आमच्या संभाषणाकडे पुन्हा पाहा. आम्ही देण्याविषयी एक शब्दही काढला नाही. आम्ही बोललो ते दारूविषयी, आळसाविषयी आणि रानाच्या ओढीविषयी. समजा, आमचे म्हणणे अगदी खरे होते असे क्षणभर धरून चालू. त्या वाड्यांतील प्रत्येक पुरुष दारू पितो असे माना. तरी त्याचे बुडालेले घर परत वर येते काय? ज्याची जमीन आपण घेतली, त्याचा मोबदला त्याच्या चारित्र्याच्या दाखल्यावर अवलंबून असतो काय? आपण एखाद्याकडून उसने पैसे घेतले आणि परतफेडीच्या दिवशी "तो माणूस उधळ्या आहे" म्हणून ते ठेवून घेतले, तर त्याला कुणी न्याय म्हणेल काय?

मग तो साचा आमच्या बोलण्यात आला कशासाठी? तो आला ते देणे विसरण्यासाठी. त्या लोकांना समजून घेण्याचा हेतू आमच्यापैकी कुणाच्याही मनात नव्हता. साच्याचे खरे काम येथे दिसते. तो आपल्याला एका समाजाविषयी ज्ञान देत नाही. तो त्या समाजाच्या ऋणातून आपल्याला परस्पर मोकळे करतो.

दिव्य कुरआनची अचूक नोंद

दिव्य कुरआनने या रोगाचे निदान चौदा शतकांपूर्वी केले आहे. सूरह आले-इम्रानच्या 75 व्या आयतीचा आशय ध्यानात घ्यावा. ग्रंथधारकांविषयी बोलताना अल्लाह सांगतो की त्यांच्यात असाही माणूस आहे, ज्याच्याकडे संपत्तीचा ढीग विश्वासाने ठेवला तरी तो परत करील. आणि असाही आहे, ज्याच्याकडे एक दीनार ठेवला तरी मागे उभे राहिल्याशिवाय तो देणार नाही. आणि या दुसऱ्या प्रकारच्या लोकांचे कारण काय? तर त्यांचे म्हणणे असे की, या निरक्षर अरबांच्या बाबतीत आम्हाला काही दोष लागत नाही.

या एका आयतीत दोन धडे आहेत. पहिला धडा असा की, ज्या समाजातील काही लोकांवर टीका करायची आहे, त्या समाजाविषयी बोलतानाही आरंभ त्यांच्यातील प्रामाणिक माणसापासून केला आहे. साऱ्यांना एका साच्यात घातलेले नाही. याच सूरहच्या 113 व्या आयतीत तर ते सारे सारखे नाहीत, असे स्पष्टच म्हटले आहे. दुसरा धडा अधिक खोल आहे. लोक दुसऱ्या समाजाला "अडाणी" ठरवतात आणि लगेच त्यापुढे ठेव बुडवण्याची परवानगी जोडतात. अपमान आणि अपहार यांची जोडी येथे उघडी पडली आहे. आम्ही मोटारीत जे केले, ते याहून वेगळे नव्हते.

मत आधी, साचा मागाहून

"साचा" हा शब्द मी मुद्दाम वापरतो. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन याने 1922 साली लोकमतावर लिहिलेल्या ग्रंथात या अर्थाचा शब्द रूढ केला, आणि तो त्याने छापखान्यातून उचलला होता. खिळे जुळवून पान तयार झाले की त्याचा धातूचा एकसंध ठसा ओतून घेत. मग त्यातून हजारो प्रती निघत आणि एकही अक्षर बदलता येत नसे. समाजांविषयीच्या आपल्या कल्पना अशाच असतात. ठसा एकदा ओतला की समोरचा माणूस कसाही असो, प्रत तीच निघते.

आपण सामान्यतः असे मानतो की अनुभवातून कल्पना येते आणि कल्पनेतून राजकीय मत. इतिहास मात्र पुष्कळदा उलटा क्रम दाखवतो. 1960 च्या दशकात मुंबईत दाक्षिणात्य कारकुनांविरुद्ध मोठी मोहीम झाली. ते आपल्या नोकऱ्या बळकावतात, आपल्याच माणसांना पुढे आणतात, येथील भाषेत मिसळत नाहीत, असे आरोप त्या वेळी होत. पुढच्या काळात राजकारणाचा रोख बदलला आणि 2008 मध्ये उत्तर भारतीय टॅक्सीवाले, फेरीवाले आणि परीक्षेसाठी आलेले तरुण मार खाऊ लागले. आरोप जवळपास तेच राहिले. त्यांवरील नाव तेवढे बदलले. मधल्या काळात दाक्षिणात्य माणसाचा स्वभाव बदलला होता काय? स्वभाव बदलला नव्हता; राजकारणाची गरज बदलली होती.

आपल्या शेजारच्या उल्हासनगरकडे पाहा. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत जागा मिळाली. 1949 मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. ज्यांना घर नव्हते त्यांनी पापडाच्या टोपल्या आणि कापडाची गाठोडी खांद्यावर घेऊन व्यापार उभा केला. हीच माणसे आपल्या सहानुभूतीचा विषय होती तेव्हा आपण त्यांना कष्टाळू म्हटले. बाजारात ती आपली स्पर्धक झाली तेव्हा त्यांचे शहर नकली मालाच्या विनोदांचा विषय झाले. गुण एकच, नावे दोन. आपल्या माणसाची काटकसर, त्यांचा कंजूषपणा. आपली एकजूट, त्यांची टोळी. आपला मोर्चा हक्कासाठी, त्यांचा मोर्चा अडवणुकीसाठी. वाचकहो, या जोड्या आपल्या घरातल्या बोलण्यात शोधून पाहा. फार शोधावे लागणार नाही.

साचा जेव्हा सत्तेच्या हाती पडतो, तेव्हा तो विनोदापुरता राहत नाही. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारध्यांसारख्या जमातींतील मूल जन्मतःच संशयित ठरू लागले. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवणारी वसाहत उभी राहिली. हजेरी दिल्याशिवाय बाहेर पडणे गुन्हा झाला. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या. कायद्याचे कुंपण त्या दिवशी पडले, परंतु गावात चोरी झाली की पहिली नजर आजही पारध्याच्या पालाकडेच वळते. हा सत्तेने ओतलेला ठसा आहे. पाऊणशे वर्षे होत आली तरी तो पुसला गेलेला नाही.

आपल्याविषयीचा साचा

हा अन्याय आपल्याला परका नाही. मुस्लिम मुले शाळेत का मागे, असा प्रश्न निघाला की "ते आपली मुले मदरशात पाठवतात, त्याला सरकार काय करणार?" असे उत्तर तयार असते. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने नोव्हेंबर 2006 मध्ये अहवाल दिला. त्यात शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणाऱ्यांचे प्रमाण अवघे तीन ते चार टक्क्यांच्या आसपास आढळले. बाकीची मुले सर्वसाधारण शाळांत होती किंवा शाळेबाहेर होती. म्हणजे प्रश्न मोहल्ल्यात शाळा, शिक्षक आणि पुढच्या शिक्षणाची सोय असण्याचा होता. पण साचा हाताशी असल्याने हे देणे सहज नजरेआड करता आले. बारवीच्या रस्त्यावर आम्ही जे आदिवासींच्या बाबतीत केले, तेच येथे आपल्या बाबतीत घडले.

म्हणूनच आपली जबाबदारी दुप्पट आहे. जखमेची कळ ज्याला ठाऊक आहे, त्याने शस्त्र उचलताना अधिक विचार केला पाहिजे. पण आपण तसे करतो काय? अमुक पक्षाला मत देणारे सारे आपले वैरी, असे आपण दिवाणखान्यात बसून किती सहज म्हणतो! एकच समाज डोळे मिटून एका बाजूला मत देतो, हे आपल्याविषयी कुणी म्हटले की आपल्याला झोंबते. आणि शेजारच्या समाजाविषयी तेच वाक्य आपण चहाच्या घोटाबरोबर बोलून जातो. ज्या शेजाऱ्याने आपल्या आईला मध्यरात्री दवाखान्यात पोहोचवले, त्याचेही मत आपल्याविरुद्ध पडलेले असू शकते. ते मत चुकीचे आहे, असे त्याला तोंडावर सांगावे. परंतु त्याच्या मतावरून त्याच्या साऱ्या जातीचा आणि साऱ्या अंतःकरणाचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

चिलखताचा प्रसंग

मदीनेतील एक प्रसंग येथे स्मरणीय आहे. सूरह अन्-निसाच्या 105 व्या आयतीपासून पुढील आयतींची पार्श्वभूमी सांगताना तफ़सीरकारांनी तो नोंदवला आहे. अन्सारपैकी एका कुटुंबातील माणसाने चिलखत चोरले आणि ते एका यहुदी माणसाच्या घरी सापडेल अशी व्यवस्था केली. त्या काळी मदीनेत मुस्लिम आणि यहुदी यांच्यातील संबंध ताणलेले होते. चोराच्या भाऊबंदांना खात्री होती की अशा वातावरणात यहुदी माणसावरचा आळ सहज खपेल. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे येऊन आपल्या माणसाची तरफदारीही केली. तेव्हा दिव्य प्रकटन झाले. विश्वासघात करणाऱ्यांचे वकील होऊ नका, असा आदेश आला. आणि स्वतः अपराध करून तो निरपराधावर लादणारा मोठ्या कुभांडाचे ओझे उचलतो, हे स्पष्ट केले गेले. यहुदी माणूस निर्दोष ठरला.

विचार करा, राजकीय सोय कोणत्या बाजूला होती? आपल्या माणसाला वाचवणे, विरोधी समाजाची नाचक्की करणे, सारे काही त्या साच्याच्या बाजूने होते. तरीही कयामतपर्यंत वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात नोंद झाली ती एका यहुदी माणसाच्या निरपराधत्वाची. एखाद्या समाजाविषयीचा द्वेष तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, ही सूरह अल-माइदाच्या 8 व्या आयतीची आज्ञा कृतीत कशी दिसते, हे या प्रसंगावरून कळते.

एक रास्त शंका

येथे कुणी विचारील, "समूहांविषयी बोलल्याशिवाय राजकारण चालेल तरी कसे? आरक्षण, पुनर्वसन, सच्चर अहवाल, हे सारे समूहांविषयीच नाही काय?" शंका रास्त आहे. परंतु समूहाची परिस्थिती सांगणे वेगळे आणि समूहाचा स्वभाव ठरवणे वेगळे. "या पाड्यावर इतक्या घरांना जमीन नाही" हे विधान मोजता येते, खोडता येते, आणि त्यातून एक कर्तव्य निघते. "हे लोक असेच असतात" या विधानातून कोणतेही कर्तव्य निघत नाही. उलट असलेले कर्तव्य संपते. सूरह अल-हुजुरातच्या 13 व्या आयतीने मानवाचे समाज आणि कबीले हे परस्पर ओळखीसाठी आहेत असे सांगितले. ओळख म्हणजे जवळ जाणे, नाव विचारणे. साचा नेमके तेच करू देत नाही. त्याच सूरहमध्ये, एक-दोन आयती आधी, दुसऱ्या समूहाची टवाळी करणे, वाईट नावे ठेवणे आणि अतिसंशय यांना मनाई आली आहे. हा क्रम योगायोगाचा नाही: टवाळी आणि संशय दूर झाल्याशिवाय ओळख होत नाही.

यासाठी घरात एक साधी सवय लावून घेता येईल. एखाद्या समाजाविषयी कुणी ठाम विधान केले, की तीन प्रश्न विचारावेत. हे मी पाहिले आहे की ऐकले आहे? हेच वाक्य माझ्या समाजाविषयी कुणी म्हटले तर मी मान्य करीन काय? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा: हे खरे मानल्याने माझ्यावरचे कोणते देणे बुडते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले की पुष्कळदा साचा कुणी आणि कशासाठी ओतला, हेही सापडते.

हे मुलांच्या देखत करावे, कारण साचे मुलांच्या देखतच ओतले जातात. हज़रत अबू ज़र (रजि.) यांच्यासारख्या थोर सहाबींनीही एकदा रागाच्या भरात एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले होते. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना, तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश उरला आहे, अशी जाणीव दिली. अबू ज़र (रजि.) यांनी ती ऐकून घेतली आणि स्वतःला बदलले. चूक दाखवली जाणे हा अपमान नव्हे. मला ती एका आठवीतल्या मुलीने दाखवली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा त्या रस्त्याला गेलो. त्याच बाईकडून शेवळं घेतली आणि तिचे नाव-गाव विचारले. नाव तिने सांगितले. गाव आता पाण्याखाली आहे, एवढे बोलून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिच्या घरात कोण दारू पितो किंवा पीत नाही, हे मला कळले नाही. ते कळण्याची मला गरजही नव्हती. घरी येऊन वजूसाठी नळ उघडला तेव्हा एवढेच लक्षात राहिले की, ज्या पाण्याने मी नमाज़ीसाठी शुद्ध होतो, त्यावर तिचा हक्क आहे. आणि तिच्याविषयी तोंडातून काढलेल्या शब्दांचा हिशेब मला द्यायचा आहे.

अल्लाह आपल्या जिभांना न्यायाची आणि आपल्या अंतःकरणांना ओळखीची सद्बुद्धी देवो, आणि आपल्याकडे असलेली प्रत्येक ठेव तिच्या हक्कदाराला परत करण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.